मालनच्या नावाखालची जागा

“वही देताय की नाही, एवढंच सांगा आजोबा.”

सुकृतनं हे तिसऱ्यांदा विचारलं. लगमाप्पा हेळवी पारावर बसून बैलाच्या शिंगाला तेल चोळत होता. एक शिंग झालं. त्यानं दुसरं धरलं.

“कुनाची वही?”

“गावाची. तुमच्याकडं अख्ख्या गावाची वंशावळ आहे म्हणतात.”

“गावाची वही नसती सायेब. घराची असती. कुनाचं घर पायजे?”

“सगळ्यांचं.”

“सगळ्यांचं...” म्हातारा बैलाकडं वळून म्हणाला, “आईकलंस का बाबा? सगळ्यांचं पायजे त्येंला.”

बैलानं कान हलवला. त्यालाही हे नवीन असावं.

हेळवी ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. सुगी उरकली की कर्नाटकाच्या बाजूनं हे लोक बैल घेऊन येतात. त्यांची गावं ठरलेली, घरं ठरलेली. उंबऱ्यासमोर उभं राहून त्या घराच्या सात पिढ्या तोंडपाठ म्हणतात, नवं कोण जन्मलं ते विचारून वहीत चढवतात, सुपातलं धान्य घेतात आणि पुढच्या घराला लागतात. एकदा येऊन गेले की पुन्हा त्याच दारात यायला पाच-सात वर्षं जातात. लगमाप्पाचा आजा या गावात यायचा, बाप यायचा, आता तो येत होता. दप्तरं आली, गेली, वाळवीनं खाल्ली. हेळव्याला विचारलं की खापरपणज्याचंसुद्धा नाव मिळतं, अशी गावाची खात्री होती.

आणि सुकृतचं घोडं नेमकं नावांवरच अडलं होतं.

सुकृत वर्तक पुण्याचा. संगणकाच्या कामात हुशार, आणि आपण हुशार आहोत हे त्याला दुसऱ्या कुणी सांगावं लागत नसे. त्या पावसाळ्यात नदीकाठची घरं पुरात बसली, तेव्हा एका संस्थेनं नवी वसाहत बांधायचं अंगावर घेतलं. कुठल्या घरात कोण कोण माणसं, ही सगळी यादी सुकृतनं उभ्या केलेल्या यंत्रणेत होती. मुख्य साठा पुण्यात, आणि गावोगावच्या कार्यकर्त्यांच्या हातात फोन. फोननं एखाद्या माणसाची नोंद मागायची, पुण्यानं ती पाठवायची, फोनवर दुरुस्ती करून ती परत पुण्याला जायची. मूलबाळ असलेल्या घराला दोन खोल्या, नसलेल्याला एक.

एके दिवशी त्या यादीतून मुलं नाहीशी झाली.

बाकीच्या गावांचे कागदी अर्ज शाबूत होते, त्यांवरून पुन्हा भरता आलं. या गावाचे कागद शाळेत ठेवले होते, आणि नदी दुसऱ्यांदा चढली ती शाळेतूनच गेली. साठ्याची एक प्रत होती म्हणावं, तर ती दर आठवड्याला जुनीवरच नव्यानं लिहिली जायची. घोळ कळेपर्यंत प्रतीतही घोळच उतरला होता. या एका गावात एकेचाळीस बाया यादीत बिनलेकराच्या झाल्या. आणि दुरुस्त केलेली यादी परवा द्यायची होती.

संस्थेत विचारलं तेव्हा सुकृत म्हणाला होता, “कार्यकर्त्यांनी चुकीचं भरलं.” खापर फोडायला एक डोकं लागतं, आणि कार्यकर्त्यांची डोकी जवळच होती.

मग कुणीतरी सांगितलं की गावात हेळवी उतरलाय, त्याच्या वहीत सगळं असतं. सुकृत लगेच गाडीत बसला. वहीचे फोटो काढायचे, तासाभरात मुलं जागच्या जागी, दुपारी परत पुणं. कुणाच्या दारात जायला नको, कुणाशी बोलायला नको. हे शेवटचं मात्र त्यानं स्वतःलाही नीटसं सांगितलेलं नव्हतं.

“एक घर सांग,” लगमाप्पा म्हणाला. साहेबावरून तो एका दमात एकेरीवर आला होता, आणि सुकृतला ते खटकलं.

“कोणतंही घ्या.”

“कोनतंबी घर नसतं लेका. नाव घे.”

सुकृतच्या तोंडून नाव निघालं. ते त्यानं ठरवलं नव्हतं.

“मालन चौगुले.”

म्हाताऱ्यानं तेलाचे हात बैलाच्या मानेला पुसले आणि डोळे मिटले. वहीचं फडकं त्यानं सोडलंच नाही.

“मालन, धोंडी खोताची लेक. धोंडी, बाळू खोताचा ल्योक. बाळूला दोन, धोंडी आन आक्काताई. आक्काताई दिली खालच्या आळीला, चौगुल्यांच्यात. आक्काताईचा ल्योक मारुती. मारुतीची बायकू...”

इथं त्यानं एक डोळा उघडला.

“मालन!” सुकृत ओरडलाच. “आत्याच्याच घरात दिली! जिथून निघालात तिथंच आलात.”

“आमच्याकडं तशीच रीत हाय. भाचीवर आत्तीचा पयला हक.”

“हेच! अगदी हेच माझ्याकडं झालं.” सुकृत बूट न काढताच पारावर टेकला. आपली अडचण दुसऱ्याच्या घरात सापडली की माणसाला नातेवाईक भेटल्यासारखं होतं. “माझ्याकडं प्रत्येक माणूस म्हणजे एक गाठोडं समजा. त्या गाठोड्याला दुसरी गाठोडी बांधलेली. आई, बाप, नवरा, मुलं. फोननं मालन मागितली की पुण्याहून मालन निघायची, पण ती एकटी निघेना. तिच्यामागं धोंडी, धोंडीमागं आक्काताई, तिच्यामागं मारुती, मारुतीमागं परत मालन. परत तिच्यामागं धोंडी... बांधणारा बांधतोच आहे, बांधतोच आहे. पोत्याचं तोंड काही शिवून होईना. पूरग्रस्तांच्या छावणीत सिग्नल नावालाच. फोन नुसते गप्प बसायचे.”

“मग रं?”

“मग मी धागे कापले. पाठवताना मालन म्हणजे फक्त मालन. नाव, वय, फोनचा नंबर. मागं कोणी नाही, पुढं कोणी नाही. डोळ्याचं पातं लवायच्या आत पोचायला लागली.” एवढं सगळं होऊनही त्याच्या आवाजात थोडा तोरा उरला होता. “सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.”

“मीबी आत्ता थांबलोच की. मालन दुसऱ्यांदा आली, तिथंच थांबलो. दिस बुडंस्तवर म्हनत बसलो का?”

“तेच तर म्हणतोय. तुम्हीसुद्धा कापलंत.”

“मी कुठं कापलं? मी थांबलो.”

सुकृतला हे उगीच शब्दाला शब्द वाटलं. म्हाताऱ्या माणसांना असली वाक्यं सुचतात आणि वही मिळेपर्यंत ती ऐकून घ्यावी लागतात, असं त्यानं मनाशी धरलं.

लगमाप्पानं आता फडकं सोडलं. वही जाड होती, कडेला तेलकट झालेली, पाठीला सुतळीची शिवण. त्यानं खोतांचं पान काढलं आणि आक्काताईच्या नावावर बोट ठेवलं. नावापुढं एवढंच होतं: ‘दिली. खालची आळी, चौगुले.’

“पुढचं?” सुकृतनं विचारलं.

“फुडचं चौगुल्यांच्या पानावर.”

“म्हणजे इथं नुसता पत्ता.”

“पत्ता ऱ्हायला म्हंजे मानूस ऱ्हायलं. तिची लेकरंबाळं हितं कशाला लिवू? तिच्या घरी ग्येल्यावर ती हायतच. हितं फकस्त कळाय पायजे की ती हाय, आन कुठं हाय.”

“हे मला माहीत आहे,” सुकृत पटकन म्हणाला. “आमच्यातही असं असतं. अख्खं गाठोडं न पाठवता नुसती खूण पाठवायची, लागलं तर त्या खुणेवरून पुढचं मागून घ्यायचं. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला शिकवतात.”

“म्हाईत हाय व्हय?”

“हो.”

“मग केलं का न्हाईस?”

सुकृतनं बैलाकडं पाहिलं. तिकडून काही मदत नव्हती.

“...घाई होती.”

“असती,” म्हातारा म्हणाला. त्यात टोचणी नव्हती, म्हणून ते जास्त लागलं. “बरं. मालन एकटी ग्येली. फोनात जाऊन काय केलं तिनं?”

“काही नाही. पुरात तिचा फोन गेला होता. कार्यकर्त्यानं नवा नंबर घातला आणि नोंद परत पाठवली.”

“म्हंजे एकटी ग्येली, एकटी आली.”

“हो.”

“नंबर तेवढा बदलून आली.”

“हो.”

“मग बिघाडलं कुठं?”

सुकृतच्या ओठांवर उत्तर तयार होतं. दोन आठवडे तो तेच देत आला होता. पण म्हातारा त्याच्याकडं बघत नव्हता, उलटतपासणी करत नव्हता. दारात उभं राहून आतल्या माणसानं यावं म्हणून थांबावं, तसा थांबला होता. असल्या माणसापुढं तयार उत्तर देता येत नाही.

“पुण्याच्या साठ्यानं पाहिलं,” सुकृत सावकाश म्हणाला, “मालन आली आणि तिच्यासोबत मुलं नाहीत.”

“नसनारच. तूच धाडली न्हाईस.”

“मीच धाडली नाहीत. पण साठ्याला ते कसं कळणार? त्याला मुलांची जागा रिकामी दिसली.”

“मग?”

“नियम होता. फोनवरून जे येईल ते ताजं, तेच खरं. जुनी नोंद त्याच्यासारखी करून टाकायची. म्हणून त्यानं जुनी मुलं... काढून टाकली.”

“न्येम कुनी घातलाता?”

पारावरचं एक पिंपळपान वहीवर पडलं. लगमाप्पानं ते उचलून बाजूला ठेवलं.

“मी.”

दोन आठवड्यांत हा शब्द पहिल्यांदा तोंडातून निघाला. खरं बोललं की मोकळं वाटतं म्हणतात. सुकृतला काही मोकळं वाटलं नाही. त्याला नुसती लाज वाटली. आणि मग जे सांगायचं नव्हतं तेही बाहेर पडलं.

“आजोबा, खोल्यांच्या वाटपाच्या दिवशी टेबलाशी मीच बसलो होतो. ही मालन पुढं आली. मी म्हटलं, ताई, तुम्हाला मूल नाही, एक खोली. ती म्हणाली, आसं कसं, हाय की ओ मला लेकरू, साळंत गेलंया. मी म्हटलं, इथं दिसत नाही. ती म्हणाली, तितं दिसत न्हाई म्हंजे? मी म्हटलं... बाजूला व्हा, मागं रांग आहे.”

“ग्येली?”

“गेली. भांडली असती तर बरं झालं असतं.”

लगमाप्पानं वहीची पानं उलटली आणि चौगुल्यांचं पान सुकृतसमोर धरलं. आक्काताई होती, मारुती होता, मारुतीशेजारी मालन होती. मालनच्या नावाखाली चार बोटं कोरा कागद होता.

सुकृत त्या कोऱ्या जागेकडं वाकला. एवढ्या लांबून ज्या वहीसाठी आलो ती हीच का?

“म्हणजे तुमच्याकडंही नाही.”

“मागं आलतो तवा ह्या पोरीच्या हळदीचे हात वाळलं नव्हतं. सात वर्सं झाली.”

“पण शेवटी रिकामंच ना!”

“रिकामं न्हवं. न इचारल्यालं.”

त्यानं आणखी पानं उलटली. एका पानावर कुण्या एका बाईच्या नावाखाली आडवी रेघ होती, आणि रेघेच्या दोन टोकांना दोन अंगठे उठवलेले.

“ह्ये रिकामं,” तो म्हणाला. “ह्या बाईनं सोता सांगितलं. दाल्ला शेजारी हुता, त्येनं मान हालवली. दोघांचा आंगठा घ्येतला, मग रेघ मारली. माझ्या आज्यापासनं आमच्या घरात असंच हाय. ‘हाय’ म्हनाय कुनीबी चालतं, शेजारीन चालती, वाटंवरचं मानूस चालतं. ‘न्हाई’ म्हनाय उंबऱ्याच्या आतलं मानूस पायजे.”

सुकृत त्या दोन अंगठ्यांकडं बघत राहिला. मग त्यानं पिशवीतून लॅपटॉप काढला, बूट काढून मांडी घातली आणि कामाला लागला. म्हाताऱ्यानं तंबाखू मळली, बैलाला पेंढी टाकली, दोन-चार जाणाऱ्या-येणाऱ्यांची विचारपूस केली. ऊन पाराच्या कडेपासून सुकृतच्या गुडघ्यापर्यंत आलं, तेव्हा त्यानं मान वर केली.

“झालं.”

“काय सांगितलंस तुझ्या साठ्याला?”

“जे फोनबरोबर आलंच नाही, त्याला हात लावायचा नाही. ते तसंच राहू द्यायचं. कोणाला काढायचंच असेल तर ‘काढा’ असं निराळं सांगावं लागेल. न सांगता कोणी निघणार नाही.”

“सांगनार कोन?”

“ज्याचं असेल तो.”

“शाना हैस की,” लगमाप्पा म्हणाला.

सुकृतला आयुष्यात बक्षिसं कमी मिळालेली नव्हती. तरी या तीन शब्दांनी त्याला शाळेतल्यासारखं गोड वाटलं, आणि आपल्याला असं वाटावं याचं थोडं हसूही आलं. पण ते टिकलं नाही.

“यापुढं कोणी जाणार नाही. पण गेलेली मुलं कुठून आणू? माझ्याकडं नाहीत. तुमच्याकडं नाहीत.”

“मालनकडं हायत.”

“तुम्ही आज जाणारच आहात ना तिच्या दारात? विचारा आणि मला सांगा. मी इथंच बसतो.”

“मी माझ्या वहीपुरतं इचारीन.”

“आजोबा, एकेचाळीस घरं आहेत. परवा यादी द्यायचीय.”

“दोन दिस हायत. दोन पाय हायत.”

“आणि तिनं मला ओळखलं तर?”

“वळखंल की,” म्हातारा उठत म्हणाला. “का वळखू न्हाई?” त्यानं हात सुकृतच्या पाठीवर ठेवला, आणि त्या पांढऱ्या सदऱ्यावर तेलाची पाच बोटं उठली. सुकृतच्या ते ध्यानात आलं. त्यानं सदरा झटकला नाही.

“भ्या वाटतंय?”

“हो.”

“वाटू दे. चल.”

खालच्या आळीत भिंती कमी आणि पत्रे जास्त होते. ज्या भिंती उभ्या होत्या त्यांच्यावर डोक्याएवढ्या उंचीवर पाण्याची रेघ दिसत होती. सुकृतनं हा पूर आकड्यांत पाहिला होता, या रेघेच्या उंचीवर पाहिला नव्हता. चौगुल्यांच्या दाराशी बैल आपणहून उभा राहिला.

लगमाप्पानं गळा साफ केला आणि म्हणायला सुरुवात केली. पारावरचा आवाज निराळा होता. हा आवाज आळीच्या टोकापर्यंत जात होता. चौगुल्यांचा मूळ पुरुष, त्याचे तीन मुलगे, कोण कुठल्या वाडीला गेला, कुणी विहीर खणली, कुणाची लेक कुठं दिली. पत्र्याच्या आडून एक बाई बाहेर आली. हाताला पीठ होतं. तिनं मनगटानंच पदर डोक्यावर ओढला.

“अगं बया, आप्पा! आलासा?”

म्हाताऱ्यानं मान हलवली, म्हणणं थांबवलं नाही. ती उंबऱ्यावर हात जोडून उभी राहिली. वाहून गेलेल्या घराची माणसं एकामागून एक नावानं परत येत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं. सासऱ्याचं नाव आलं तेव्हा तिनं डोळ्याला पदर लावला. आक्काताई आली, मारुती आला.

“...मारुतीची बायकू मालन. मालनला...”

आणि लगमाप्पा थांबला.

तो सुकृतकडं बघत होता. मग मालननंही तिकडं बघितलं. तिनं ओळखलं. टेबलापुढं उभी होती तशीच ती उभी राहिली, दोन्ही हात पोटाशी धरून.

सुकृत पाठ केलेलं वाक्य विसरला.

“ताई, त्या दिवशी टेबलाशी... मी होतो.”

“व्हय. वळखलं म्या.”

“तुमचं लेकरू यादीतून गेलं ते माझ्यामुळं. मशीनमुळं नाही, इथल्या कार्यकर्त्या पोरांमुळंही नाही. मी त्यांचं नाव पुढं केलं, तेही खोटं. वजन कमी व्हावं म्हणून मी तुमची नोंद एकटीच पाठवली, आणि एकटी परत आली म्हणून तुम्हाला कुणी नाही असं धरलं. आणि वर तुम्हालाच म्हटलं, बाजूला व्हा.”

मालननं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. ती रागावली असती तर त्याला चाललं असतं; मनातून तो तेच मागत होता.

“पोरगी हुती मागं हुबी, साळंतनं आल्याली,” ती म्हणाली. “तिनं आईकलं. घरला येस्तवर इचारत हुती, आये, मी तितं का न्हाई? म्या म्हनलं, हैस की गं, ह्यो काय तुझा हात माझ्या हातात.” थोडं थांबून ती म्हणाली, “तरी दोन दिस हात सोडत नव्हती.”

सुकृतला मान वर करता येईना.

“बसा,” मालन म्हणाली. “उन्हाचं आलासा. पानी घ्या आदी.”

तिनं तांब्या आणून दिला. सुकृत दारातच खाली बसला आणि सगळं पाणी प्याला. मग त्यानं फोन काढला. पडद्यावर मालनचं नाव होतं. त्याखाली आज दुपारपासून ‘नाहीत’च्या जागी त्यानं घातलेले दोन नवे शब्द होते: ‘विचारलेलं नाही.’ त्यानं पडद्यावरून नजर काढली आणि तिच्याकडं बघून विचारलं, तिला काही सांगण्याऐवजी तिला विचारायची ही त्याची पहिलीच वेळ होती.

“मालनताई, लेकरं किती?”

“दोन.”

लगमाप्पानं शाईचं पेन उघडलं.

“थोरली ईश्वरी,” मालन म्हणाली. “सा वर्साची. धाकटा राजवीर.”

म्हातारा एकेक अक्षर कोरल्यासारखं लिहीत होता. सुकृतनंही लिहिलं. पहिलं नाव, सहा वर्षं. दुसरं नाव.

“राजवीरचं वय?”

“अकरा म्हैनं.”

त्यानं अकरा महिने लिहिलं. आतून काही चाहूल नव्हती. पत्र्याला टांगलेली झोळी नव्हती, कुठं दुपटं वाळत नव्हतं. त्यानं हसून विचारलं, “झोपलाय का?”

मालननं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

“संक्रातीच्या आदी ग्येला. ताप आलाता.”

बैलाच्या गळ्यातली घंटा एकदा वाजली. सुकृतच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं आणि पडद्यावरची अक्षरं विरघळली. या माऊलीला टेबलाशी उभं करून आपण काय म्हणालो होतो, ते त्याला आता पुरतं कळलं. ‘तुम्हाला मूल नाही.’ पूर येऊन गेला होता, त्याच्या आधी संक्रांत येऊन गेली होती, आणि मग तो आला होता.

निदान आता तरी चूक व्हायला नको, असं त्याला कळकळीनं वाटलं. यादी खोल्यांची होती. यादीत असलेली माणसं मोजायची होती. त्याचा अंगठा दुसऱ्या नावापाशी गेला. तिथं त्यानं आजच, पारावर बसून, फार विचारानं बनवलेलं बटण होतं... ‘काढा’.

अंगठा तिथंच अधांतरी राहिला. तो म्हाताऱ्याकडं सरकला आणि मालनला ऐकू जाऊ नये अशा बेतानं पुटपुटला, “आजोबा... हा तर आता नाही ना? मग याचं काय करू?”

लगमाप्पानं वही तोंडाजवळ नेली. मालनच्या नावाखालच्या दुसऱ्या ओळीवर त्यानं हलकी फुंकर घातली, शाई वाळेपर्यंत.

“तिनं दोन सांगितली, लेका.”